गणित मेजर आणि सोबत संगीत: मराठवाड्यातल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

बारावीनंतर गणित घेऊन बीएस्सी करायचं आणि सोबत गाणं नाहीतर तबला रीतसर शिकायचा, असं मनात असलेली मुलं लातूर-नांदेडकडं दरवर्षी भेटतात. घरचं उत्तरही ठरलेलं असतं: "आधी नीटचं बघ, गाणं काय पळून चाललंय?" हा वाद मागं टाकून ज्यांनी कॉलेजचा फॉर्म हातात घेतलाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बीएला संगीत मुख्य विषय घेऊन गणिताची ओळख करून घ्यायची असेल, तरी यातलं बरंचसं कामाला येईल.

"संगीत म्हणजे शेवटी गणितच" हे वाक्य स्नेहसंमेलनाच्या भाषणात छान वाटतं, पण पहिल्या वर्षाच्या परीक्षेत त्याचा काडीचा उपयोग नाही. हे दोन विषय एकमेकांना खरोखर भिडतात त्या जागा मोजक्या आहेत: लयकारी, तिहाई, स्वरांचे प्रस्तार आणि स्वरांची गुणोत्तरं. एवढ्या चार जागा वही-पेन घेऊन स्वतः करून बघितल्या तर दोन्हीकडचा अभ्यास हलका होतो. बाकी सगळीकडं गणित गणितासारखं आणि संगीत संगीतासारखंच करावं लागतं.

प्रवेशाआधी काय विचारायचं

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांना नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात एक मेजर, एक मायनर आणि सोबत ओपन इलेक्टिव्ह अशी रचना आहे. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. म्हणजे गणित मेजर असलेल्या मुलीला संगीत घ्यायला नियमाची आडकाठी नाही, उलट नियमच तिला विज्ञानाबाहेर जायला सांगतो.

पण नियमात आहे म्हणजे कॉलेजात आहे, असं समजू नका. संगीत विभाग प्रत्येक कॉलेजात नसतो. असला तरी कुठं फक्त गायन असतं, कुठं गायन आणि तबला. त्यामुळं पहिला प्रश्न: या वर्षी पहिल्या सत्राच्या यादीत संगीत खरंच आहे का, आणि शिकवायला माणूस आहे का? दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा. विज्ञानाची प्रॅक्टिकल आणि संगीताचं प्रात्यक्षिक एकाच वेळी लावलेलं असेल तर जुलैतच तुमची ओढाताण सुरू होईल. हा प्रश्न खिडकीवरच्या बाबूला विचारून उपयोग नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. कोणत्या सरांचा तास होतो आणि कोणता नुसता कागदावर असतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मग अभ्यासक्रमाची पीडीएफ काढा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं आहेत. नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं. दोघांचे अभ्यासक्रम वेगळे आहेत, म्हणून लातूरच्या मित्राच्या नोट्स बीडमध्ये जशाच्या तशा चालत नाहीत. पीडीएफवरचं वर्ष तपासा, कारण जुन्या अभ्यासक्रमाच्या फाइली व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरत असतात. त्यात श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, बघा. थिअरीच्या एका श्रेयांकाला सत्रात १५ तास धरतात, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३०. दोन श्रेयांकांचं प्रात्यक्षिक असेल तर ६० तास झाले, पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार. ते चार तास तुमच्या आठवड्यात कुठं बसतात हे ॲडमिशनच्या आधीच कागदावर मांडून बघा.

बारावीला गणित नसेल तर बीएस्सीला गणित मेजर सहसा मिळत नाही. कागदपत्रांबद्दल जास्त सांगत नाही. टीसी, गुणपत्रिका, दाखले आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. तुमचे श्रेयांक ज्या अकादमिक बँकेत जमा होतात तिथला आयडी मात्र स्वतः काढून ठेवा. तो कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरवर काढू नका, पुढं ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं.

जूनमधले मोकळे आठवडे

तास सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात अकरावी-बारावीचे चार धडे पुन्हा काढा: लॉगॅरिथम, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, जीपी आणि फलन. पाचवीतला ल.सा.वि. पण चाळा, लाजू नका. या सगळ्यांची गाठ पुढं संगीताच्या वहीतही पडणार आहे.

संगीतासाठी या काळात आपली पट्टी, म्हणजे आपला सा कुठं बसतो ते, शोधा. फोनवर तानपुऱ्याचं कोणतंही फुकट ॲप घ्या. मुलांचा सा सहसा काळी एक ते काळी दोनच्या (पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास बसतो, मुलींचा काळी चार-काळी पाचच्या आसपास. पण हा नुसता अंदाज आहे. खरी कसोटी अशी की खालचा प आणि वरचा सा दोन्ही गळा न ताणता लागले पाहिजेत. जी मुलं गावात भजनाला बसतात त्यांना इथं एक अडचण येते. भजनात पट्टी चढी असते, टाळ-पखवाजाच्या वर आवाज काढायचा असतो, आणि गळ्याला तीच सवय लागते. कॉलेजात सर पट्टी उतरवायला सांगतील. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. लयीत तुम्ही शहरातल्या मुलांच्या दहा पावलं पुढं असता, सूर सावकाश येईल.

आणि तीनताल हातावर बसवा. १६ मात्रा, चार-चारचे चार भाग, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायचा, नवव्या मात्रेवर. अंबाजोगाईहून लातूरला एसटीनं रोज ये-जा करत असाल तर त्यासारखी जागा नाही. खिडकीजवळ बसायचं, मांडीवर ताल धरायचा आणि मनात रस्त्यावरच्या पाट्या वाचत राहायचं. पाटी वाचतानाही हात चुकला नाही, की ताल बसला म्हणायचा.

गणिताच्या वर्गात

पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस, बीजगणित, भूमिती, डिफरन्शियल इक्वेशन असे पेपर असतात. क्रम विद्यापीठाप्रमाणं बदलतो. मुलांना धक्का बसतो तो अवघडपणाचा नाही, प्रश्नाच्या शेवटच्या दोन शब्दांचा: "सिद्ध करा". बारावीपर्यंत उत्तर काढायचं होतं, आता उत्तर दिलेलं असतं आणि ते बरोबर का आहे हे लिहायचं असतं. सीमेची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या ऐकून अर्धा वर्ग खाली मान घालतो.

यावर उपाय जुनाच आहे. व्याख्या शब्द न शब्द पाठ करा, आणि प्रत्येक व्याख्येला एक बसणारं आणि एक न बसणारं उदाहरण स्वतः शोधून वहीत लिहा. प्रमेयाची सिद्धता एकदा वाचली की पुस्तक मिटून पुन्हा लिहायची. अडलं तिथं खूण करायची, तेवढीच ओळ उघडून बघायची आणि परत मिटायचं. फळ्यावरचं उतरवून घेणं म्हणजे अभ्यास नाही, हे मुलांना दुसऱ्या सत्रात समजतं. तोवर पहिल्या सत्राचा बॅकलॉग डोक्यावर असतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी संज्ञांची एक वेगळी छोटी वही करावी. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार मराठीत करायला कोणी अडवलेलं नाही.

संगीताच्या वर्गात

पहिल्या सत्रात अलंकार, दहा थाटांची, म्हणजे राग ज्यांत बसवतात त्या सात स्वरांच्या संचांची, नावं, पाच-सहा राग आणि तितकेच ताल असतात. राग बहुधा भूप, यमन, बिलावल, खमाज, काफी, दुर्गा, भैरव यांतले. तीनताल, झपताल, एकताल, दादरा, केरवा हे ताल ठरलेलेच. शिवाय स्वरलिपी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली, खालीला शून्य. या खुणा नीट नसल्या तर बंदिश बरोबर असूनही गुण जातात. परीक्षक आधी खुणाच बघतो.

गणितवाल्या मुलांची एक खोड इथं सुरुवातीलाच मोडावी लागते. त्यांना रागाचे स्वर कळले की राग कळला असं वाटतं. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर, आरोहात तेच आणि अवरोहातही तेच. तरी भूपात ग वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि देशकारात ध, एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. भूप गाताना धैवतावर जास्त वेळ बसलात की सर लगेच थांबवतील. स्वरांचा संच सारखा असून राग वेगळे कसे, याचं उत्तर कोणत्याही सूत्रात नाही. ते ऐकून आणि गाऊनच अंगात येतं, आणि त्याला वर्षं लागतात.

आता त्या चार जागा. इथं जरा सावकाश जाऊ.

लयकारी: तिगुन कुठून सुरू होते

थिअरीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो: "तीनतालाची तिगुन एका आवर्तनात लिहा, समेवर आली पाहिजे." आवर्तन म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी. मुलं ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, पाठ करतात आणि इथं अडकतात. "सर, तिगुन लिहायला जमंना गेलंय" हे सप्टेंबरमध्ये ऐकू येणारं नेहमीचं वाक्य.

अपूर्णांकाचं गणित आहे. तिगुन म्हणजे एका मात्रेत तीन बोल. १६ बोलांना १६ भागिले ३, म्हणजे ५ पूर्णांक १/३ मात्रा लागतील. आवर्तन संपताना ठेका संपायला हवा, म्हणून १६ मधून तेवढं वजा करा. उरतात १० पूर्णांक २/३. म्हणजे दहा मात्रा पूर्ण जाऊ द्यायच्या, अकरावीचे तीन भाग करायचे, पहिले दोन मोकळे सोडायचे आणि तिसऱ्यावर पहिला धा ठेवायचा. मोकळ्या भागाला अवग्रह लिहितात. अकरावी मात्रा झाली "ऽऽधा". पुढं बारावी "धिंधिंधा", तेरावी "धाधिंधिं", चौदावी "धाधातिं", पंधरावी "तिंताता", सोळावी "धिंधिंधा", आणि मग सम. बोल मोजून बघा, बरोबर सोळा भरतात.

दुगुन सोपी, आठ मात्रांत बसते, म्हणून नवव्या मात्रेपासून सुरू होते. चौगुनीला चार मात्रा, तेराव्यापासून. आता हेच झपतालात, १० मात्रांत करा, मग रूपकात, ७ मात्रांत. आडलय म्हणजे दीडपट, तिथं ३/२ नं भागायचं. तीन-चार ताल असे सोडवले की प्रश्न कसाही फिरवून आला तरी घाबरायला होत नाही. मात्र नुसतं लिहून थांबू नका. हातावर ताल धरून ती अकरावी मात्रा तोंडानं म्हणा. वहीत १० पूर्णांक २/३ चटकन येतं, पण तोंडात यायला आठवडा जातो.

तिहाई: एक समीकरण, दोन अज्ञात

तिहाईत एकच बोल तीनदा वाजतो आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा आघात समेवर पडतो. बोलाच्या मात्रा 'ब' आणि मधली विश्रांती 'व' धरा. तीन बोल आणि दोन विश्रांती मिळून ३ब + २व. समेपासून उचलून एका आवर्तनानंतरच्या समेवर यायचं असेल तर तीनतालात एकूण १७ मात्रा मोजाव्या लागतात, कारण पुढची समही धरायची आहे. म्हणून ३ब + २व = १७.

पूर्ण अंकांतली उत्तरं काढा. १७ विषम आहे, २व सम आहे, म्हणून ब विषमच पाहिजे. ब = ५ तर व = १, ब = ३ तर व = ४, ब = १ तर व = ७. बस, तीनच. पहिलं उत्तर तबल्यावर रोज वाजतं: "तिट कता गदि गन धा" हा पाच मात्रांचा बोल, एक मात्रा थांबा, पुन्हा बोल, थांबा, पुन्हा बोल. पहिला धा पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्यावर, तिसरा सतराव्यावर, म्हणजे समेवर. झपतालात ३ब + २व = ११, रूपकात ८. रूपकाचं करून बघा. तिथं बोलाच्या मात्रा सम याव्या लागतात आणि एकच उत्तर हाती लागतं. अर्ध्या मात्रेच्या विश्रांती घेतल्या की उत्तरं वाढतात, वादक तेच करतात. अशा समीकरणांना गणितात डायोफँटाइन समीकरणं म्हणतात आणि पुढं नंबर थिअरीच्या पेपरात ती पुन्हा भेटतील.

याचा सराव करायला मराठवाड्यात जागेची कमी नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की कीर्तनात पखवाजवाल्याशेजारी जागा धरा. भजनी ठेका आठ मात्रांचा. तो तिहाई कुठून उचलतो हे बोटांवर मोजा. पहिले दोन दिवस हाती काही लागणार नाही. नंतर तो हात उचलायच्या आधीच तुम्हाला कळायला लागेल.

प्रस्तार: देवगिरीचा हिशेबनीस

दौलताबादचा किल्ला सहलीत सगळ्यांनी बघितलाय. तेराव्या शतकात तिथं यादवांची राजधानी होती, आणि राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा माणूस हिशेब खात्याचा मुख्य होता. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. याच हिशेबनिसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही पद्धतींचे जाणकार आजही त्या ग्रंथाचा आधार घेतात.

त्याच्या पहिल्या अध्यायात त्यानं एक प्रश्न पद्धतशीर सोडवलाय: दिलेले स्वर एकदाच वापरून किती ताना होतात? एका स्वराची १, दोनांच्या २, तिनांच्या ६, चारांच्या २४, पाचांच्या १२०, सहांच्या ७२० आणि सातांच्या ५०४०. तुमच्या अकरावीच्या पुस्तकातलं फॅक्टोरिअल. तो नुसतं मोजून थांबत नाही. सगळ्या ताना ओळीनं मांडायची रीत देतो, तो प्रस्तार. अमुक क्रमांकाची तान कोणती, हे अख्खी यादी न लिहिता कसं काढायचं तेही सांगतो, त्याला नष्ट म्हणतात. आणि दिलेली तान कितव्या क्रमांकाची, ते उद्दिष्ट. यासाठी त्यानं खंडमेरू नावाचा तक्ता दिलाय.

आपण सोपी आवृत्ती करू. सा रे ग म हे चार स्वर शब्दकोशासारख्या क्रमानं मांडायचे, म्हणजे सा आधी, मग रे, ग, म. २४ पैकी सतरावी तान कोणती? सा पासून सुरू होणाऱ्या सहा, रे पासूनच्या सहा, झाल्या बारा. सतरावी म्हणजे ग पासून सुरू होणाऱ्यांतली पाचवी. उरले सा, रे, म. ग-सा च्या दोन, ग-रे च्या दोन, म्हणून पाचवी ग-म पासूनची पहिली: ग म सा रे. यादी न लिहिता उत्तर आलं. शार्ङ्गदेवाचा क्रम याहून वेगळा आहे. त्याच्या प्रस्तारात डावीकडचे स्वर आधी हलतात आणि शेवटचा जागेवर राहतो: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चार स्वरांच्या २४ ताना त्याच्या रीतीनं लिहा आणि तानपुऱ्यावर सावकाश गा. मेरुखंडाचा रियाज म्हणतात तो हाच.

याच राज्यात दुसरीही एक गोष्ट चालू होती. 'लीलावती' लिहिणारे भास्कराचार्य १११४ सालचे, ग्रंथ ११५० चा, आणि त्यातल्या अंकपाश प्रकरणात अंकांच्या अशाच मांडण्या मोजल्यात. त्यांचा नातू चांगदेव सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख पाटण्याला आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं गेलात की पाटणादेवीचा फाटा लागतो. शार्ङ्गदेवाच्या आजोबांचंही नाव भास्कर होतं, पण ते वेगळे. गोंधळ करू नका, तोंडी परीक्षेत हसं होतं.

थाटांची मोजणी याच जातीची. सा आणि प अचल. रे ग म ध नी या पाचांची प्रत्येकी दोन रूपं, त्यातलं एकच घ्यायचं. झाले २ चा पाचवा घात, ३२ थाट. भातखंड्यांनी त्यातले १० निवडले, कारण त्यांना मोजणी करायची नव्हती, प्रचारातले राग बसवायचे होते. दक्षिणेत व्यंकटमखीनं सतराव्या शतकात ७२ मेळ, म्हणजे तिकडचे थाट, मांडले. ते ७२ कसे येतात हे तुमच्या गणिताच्या सरांना विचारा, त्यांनाही मजा येईल.

गुणोत्तरं: हार्मोनियमचा ग का टोचतो

तार अर्धी केली की वरचा सा मिळतो, दोन तृतीयांश ठेवली की प. कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून सा ते वरचा सा १:२ आणि सा ते प २:३. शुद्ध ग ४:५. तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेवर कान लावून बसलात तर न छेडलेला एक गंधार ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश असतो, मूळ कंपनाच्या पाचपट.

हार्मोनियम मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करतं. सारखे म्हणजे बेरजेनं नाही, गुणाकारानं, म्हणून इथं जीपी लागते. प्रत्येक पायरीला २ च्या बाराव्या मुळानं, म्हणजे सुमारे १.०५९५ नं गुणायचं. ग चार पायऱ्या वर, तो येतो १.२६ च्या जवळ, आणि तानपुऱ्याचा ग १.२५. सा २४० धरला तर तानपुऱ्याचा ग ३०० आणि पेटीचा ३०२.४. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज हेलकावे खातो. प चं तसं होत नाही, ३६० आणि ३५९.६, कानाला पत्ताही लागत नाही. म्हणून सर म्हणतात, ग तानपुऱ्यावर लाव, पेटीवर नको.

मग बारा पंचम एकावर एक रचून परत सा ला का येत नाही? ३/२ चा बारावा घात १२९.७५ च्या आसपास आणि २ चा सातवा घात १२८. थोडं उरतं. तेरावा, पन्नासावा पंचम घेतला तर जुळेल का? कधीच नाही, आणि हे तुम्ही सिद्ध करू शकता. जुळायचं तर ३ चा कुठलातरी घात २ च्या कुठल्यातरी घाताएवढा पाहिजे. ३ चे घात विषम, २ चे सम. झालं. पहिल्या वर्षाच्या "सिद्ध करा" चा धसका असेल तर ही सिद्धता पेटीसमोर बसून लिहा.

इथं एक सावधगिरी. बावीस श्रुतींचे, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांचे, ठरावीक अपूर्णांक छापलेले तक्ते इंटरनेटवर ढिगानं आहेत. पहिल्या वर्षात त्यांच्या नादी लागू नका. जाणकारांची त्यावर एकमतं नाहीत आणि तुमचा ग अजून लागायचाय.

आठवडा कसा लावायचा

रियाज सकाळी, गणित संध्याकाळी. सकाळी गळा ताजा असतो आणि हॉस्टेलात कोणी रील लावून बसलेलं नसतं. खोलीत चौघं असाल तर गच्चीवर जा, नाहीतर मंद्र सप्तकात हळू आवाजात खर्ज लावा, त्यानं कोणाची झोप मोडत नाही. अर्धा तास पुरे, पण रोज. रविवारी सलग चार तास गाऊन आठवड्याची भरपाई होत नाही, गळा मात्र बसतो. गणिताचंही तसंच आहे, फक्त तिथं गळ्याऐवजी डोकं बसतं.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सोबत द्याव्यात का, असं बरेच जण विचारतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद अशी ती चढण आहे. जरूर द्या, पण त्यांची सत्रं वर्षातून दोनदा आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या आगेमागेच येतात. पहिल्या सत्रात फॉर्म भरू नका, दुसऱ्यात प्रारंभिकपासून सुरुवात करा. गावाकडं आधी शिकला असाल तर सरांना विचारून वरच्या परीक्षेला बसा.

ऐकायला पैसे लागत नाहीत. नांदेडला असाल तर हुजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यात जा. गुरू ग्रंथ साहिबची मांडणीच रागांप्रमाणं आहे आणि तिथले रागी रोज गातात. हिंगोलीजवळच्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदंही त्या ग्रंथात आहेत, तीसुद्धा रागांच्या मथळ्याखाली. संभाजीनगरकडच्यांनी वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या तारखांवर लक्ष ठेवावं, पैठणच्या नाथषष्ठीला एक रात्र मुक्काम करावा. मैफलीला जाताना ताल ओळखायचं काम घेऊन जा. सगळंच कळलं पाहिजे असा हट्ट धरला तर काहीच ऐकू येत नाही.

दुसरं सत्र संपत आलं की पुढच्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म निघतो. तेव्हा दोन गोष्टी बघा. संगीताच्या प्रात्यक्षिकाचे तास वर्षभरात किती झाले ते हजेरीवरून मोजा. निम्म्याहून कमी झाले असतील तर कॉलेजातलं संगीत सोडून बाहेर गुरू शोधा आणि ते श्रेयांक दुसऱ्या विषयानं भरा. सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे कोर्सही त्यासाठी चालतात, पण कोणते चालतील हे आधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. आणि गणितात पहिल्या सत्राचा पेपर राहिला असेल तर तो सुटेपर्यंत नवीन ताल, नवीन राग घेऊ नका. भूप आणि तीनताल तेवढे रोज चालू ठेवा.